पलटण कशाने घडते?

जालना शहराचे दोन भाग आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मधून कुंडलिका नदी वाहते. एका अंगाला जुने जालना, दुसऱ्या अंगाला नवीन जालना. नवीन जालना म्हटले की बाजारपेठ, अडत, बियाण्यांची दुकाने आणि लोखंडी सळ्या लादलेल्या मालमोटारी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण सव्वाशे वर्षांमागे जालन्याची आणखी एक ओळख होती. जालना हे तेव्हा पलटणीचे गाव होते. गावाबाहेर छावणी होती, बिगुल वाजे, कवायत चाले. छावणी गेली, पण शिपाईगिरीची ओढ गेलेली नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा तिसरा गट आजही जालन्यातच आहे. आणि कोणत्याही गावच्या रस्त्यावर पहाटे उभे राहा, भरतीसाठी धावणारी मुले दिसतातच. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर धावावे लागते, मुलींना आठशे. त्यासाठी ही पोरे अंधारात उठतात, ढेकळांतून धावतात, झाडाला लटकून अंग कमावतात.

त्यांच्या कष्टांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्यांच्या तोंडी प्रश्न असतात ते एवढेच: छाती किती लागते? उंची किती लागते? किती मिनिटांत धावायचे? हे प्रश्न चुकीचे नाहीत, फक्त अपुरे आहेत. पलटण नुसत्या छातीने घडत असती, तर आपल्या भूमीचा इतिहास निराळा झाला असता. असे मी का म्हणतो, ते आपल्याच मराठवाड्यातील दोन लढायांवरून आणि जालन्याच्या छावणीवरून आज आपणांस सांगायचे आहे.

पहिली लढाई पालखेडची. पालखेड हे वैजापूरकडचे गाव. सन १७२८चा फेब्रुवारी महिना. एका बाजूला हैदराबादचा निजाम, वयाने आणि अनुभवाने वडील, जवळ जड तोफखाना आणि भलामोठा सरंजाम. दुसऱ्या बाजूला थोरला बाजीराव, वय वर्षे सत्तावीस. या मोहिमेत बाजीरावाने निजामाशी समोरासमोर गाठ घेतली नाही. तो आधी जालन्याच्या मुलुखात शिरला, तेथून पुढे वऱ्हाड-खानदेशाकडे वळला, थेट गुजरातेपर्यंत गेला. निजाम मागे धावून थकला आणि पुण्याकडे वळला. मग बाजीराव उलटून त्याच्याच मुलुखात आला. निजामाला तोफखाना मागे सोडावा लागला, आणि अखेर पालखेडजवळ धान्य आणि पाणी तोडून बाजीरावाने त्याला कोंडीत धरले. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावला तह झाला.

आता पहा, ही लढाई कशाच्या बळावर जिंकली? तोफा निजामाच्या जास्त होत्या. बाजीरावाचे बळ होते ते घोड्यांच्या पायांत आणि स्वारांच्या पाठीत. महिनोनमहिने खोगिरावर बसायचे, मिळेल ते खायचे, घोड्याला आधी वैरण-पाणी आणि मग आपल्या पोटाचे पाहायचे. ही तालीम काही एका दिवसाची नव्हे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जे स्वार करीत तेच त्यांचा पेशवा करी. बाजीराव घोड्यावर बसल्याबसल्या जोंधळ्याची कणसे हातावर चोळून खात असे, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. ती शब्दशः खरी असो वा नसो, लोकांनी आपल्या सरदाराची आठवण कोणत्या रूपात जपली, ते ती सांगते. सोन्याच्या ताटावर जेवणारा म्हणून नाही, तर शिपायाचे खाणे खाणारा म्हणून.

पालखेडानंतर पंचाहत्तर वर्षे गेली, आणि दुसरी लढाई झाली ती आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात, असई गावापाशी. तारीख २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज तळ देऊन होती. कवायती पायदळ दहा हजारांच्या वर, शंभराच्या आसपास तोफा आणि तीस-चाळीस हजार घोडदळ. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय चौतीस. त्याच्याजवळ सगळे मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास माणूस आणि सतरा तोफा. आणि हेही लक्षात ठेवा की, त्याच्या सैन्यातली बहुतेक माणसे याच देशातली होती. मद्रासी शिपाई होते, म्हैसूरचे स्वार होते, पेशव्यांच्या बाजूचे मराठे स्वारसुद्धा होते.

मग आपली माणसे दुबळी होती काय? मुळीच नाही. वेलस्लीने डावीकडून नदी ओलांडली, तेव्हा शिंद्यांच्या पायदळाने सारी फळी काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली. शत्रू चालून येत असताना हजारो माणसांनी एकमेकांत न गुंतता असे वळणे ही साधी गोष्ट नव्हे. तिला वर्षांची कवायत लागते. वेलस्लीलाही ती अपेक्षा नव्हती. आणि गोलंदाज तर असे झुंजले की संगीन छातीत जाईपर्यंत तोफ सोडली नाही. काहींनी मेल्याचे सोंग घेतले, शत्रू पुढे गेल्यावर उठले आणि त्याच तोफा फिरवून त्याच्या पाठीवर मारा केला. इंग्रजांकडचे चारशे अठ्ठावीस ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाले. त्यांच्या चौऱ्याहत्तराव्या गोऱ्या पलटणीत पाचशेच्या आसपास माणसे होती. त्यांतली चारशेहून अधिक एका दुपारीत पडली किंवा घायाळ झाली. पुढे हा वेलस्ली वेलिंग्टनचा ड्यूक झाला, १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणाऱ्या सैन्याचा सेनापती झाला. पण उतारवयात, लढाईच्या कामात तुमच्या हातून सर्वांत सरस काय घडले, असे कोणी विचारले तेव्हा त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले.

तरी आपण हरलो. अठ्ठ्याण्णव तोफा शत्रूच्या हाती गेल्या. का?

या प्रश्नाला एक उत्तर शरीराचे आहे, आणि दुसरे पुढारपणाचे. शरीराचे उत्तर आपल्याला फारसे लागू नाही, हे आताच पाहिले. उलट त्याच सुमारास पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर मल्लखांबाला नवे रूप देत होते. म्हणजे तालमी होत्या, उस्ताद होते, जोर-बैठका होत्या. पण ज्याच्या पदरी हे सारे होते, त्या पेशव्याने १८०२च्या अखेरीस वसईचा तह करून इंग्रजांची फौज आपल्या रक्षणासाठी मागून घेतली होती! तालीम भरलेली आणि गादी परक्याच्या आधारावर, असा तो काळ.

असईला हेच निराळ्या रूपात दिसले. कवायती पायदळ तयार करताना शिंद्यांनी शिपाई इथले घेतले, पण अंमलदार परदेशातून पगारावर आणले. असईच्या पायदळाचा मुख्य पोलमन हा जर्मनीतल्या हानोव्हरचा. युद्ध सुरू होताच कंपनी सरकारने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या इंग्रज अंमलदारांना आम्ही पोसू. पुष्कळजण निघून गेले. ऐन लढाईच्या तोंडावर शिपायांना रोज हुकूम देणारा माणूसच नाहीसा झाला. जे भाड्याने येते ते जास्त भाडे मिळाले की जाते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. आणि वरचे धनी? दोन्ही राजे त्या दिवशी पायदळाच्या पुढे उभे राहिले नाहीत. हजारोंचे घोडदळ बाजूला राहून पाहत राहिले. झुंजले ते पायदळ आणि गोलंदाज.

आता समोरची बाजू पहा. इंग्रजांची थोरवी गाण्यासाठी नव्हे, शत्रूकडून शिकावे म्हणून. लढाईच्या दोन दिवस आधी वेलस्ली बदनापूरला होता. तिथे त्याने आणि कर्नल स्टीव्हन्सनने दोन वाटांनी जायचे ठरवले. २३ तारखेला सकाळी चौदा मैल चालून त्याची फौज नळणीला पोचली, तेव्हा शत्रू काही मैलांवरच असल्याची बातमी आली. थकलेली माणसे घेऊन तो तसाच पुढे निघाला. वाटाडे म्हणाले, नदीला इथे उतार नाही. त्याने दुर्बीण लावून पाहिले, तो नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोर. त्याने मनाशी ताडले, की समोरासमोरच्या दोन गावांना जाण्यायेण्याची वाट असणारच. आणि उतार सापडला. आपल्याकडच्या कोणत्याही गुराख्याला जी गोष्ट कळली असती, ती त्या दिवशी सेनापतीला कळली, कारण तो स्वतः पुढे येऊन पाहत होता. लढाईत त्याच्या अंगाखालची दोन घोडी गेली. एकाला गोळी लागली, दुसऱ्याला भाला लागला. सेनापती कोठे होता, हे यावरून कळते.

श्रोतेहो, पालखेडला आपला सेनापती शिपायांबरोबर होता. असईला तो शत्रूकडे होता. मधल्या पंचाहत्तर वर्षांत आपल्या शिपायाची पाठ वाकली नव्हती. त्याच्यापुढे चालणारे पाऊल मात्र हरवले होते.

आता जालन्याच्या छावणीकडे येऊ. निजामाच्या राज्यात, निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकुमाखाली जी फौज उभी राहिली, तिला हैदराबाद कंटिन्जंट म्हणत. तिच्या पगारापोटी १८५३च्या तहाने निजामाला वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि वऱ्हाडातील अचलपूर येथे तिच्या छावण्या होत्या. तिथली कवायत कडक, पाहरा चोख. शिपायाच्या शरीराला शिस्त लागली यात शंका नाही. पण त्या शिस्तीला एक छप्पर होते. देशी माणूस चढून चढून सुभेदार-मेजर किंवा रिसालदार-मेजर होई. तीस वर्षे नोकरी झालेल्या सुभेदाराने काल विलायतेहून आलेल्या पोरसवदा लेफ्टनंटाला सलाम ठोकायचा. अंग तुमचे, हुकूम आमचा, असा तो करार होता. माणसाला वाकवता यावे म्हणून त्याला बळकट करणे, ही मोठी विचित्र तालीम!

१९०३ साली ही फौज मोडून हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळली गेली. जालन्याची छावणी ओस पडली. पण पलटणी संपल्या नाहीत. तिचे रिसाले पुढे डेक्कन हॉर्स आणि इतर रिसाल्यांच्या नावाने चालले. पायदळाच्या पलटणींची १९२२ साली एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ साली तिचे नाव कुमाऊं रेजिमेंट असे ठेवण्यात आले. जालना-हिंगोलीच्या माळावर सुरू झालेली वंशावळ हिमालयाच्या पायथ्याला जाऊन पोचली, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी.

तोपर्यंत ते छप्परही उडत चालले होते. पहिल्या महायुद्धानंतर हिंदी तरुणांना अधिकारी होण्याची दारे किलकिली झाली. १९३२ साली डेहराडूनला लष्करी विद्यालय निघाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईत एकाच ब्रिगेडमधल्या तीन पलटणींचे मुख्य हिंदी होते. त्यांतले एक कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, आणि दुसरे कोडगूचे थिमय्या, हे याच हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीचे. तिसरे सेन. तिघांनाही शौर्याचे पदक मिळाले. हिंदी माणूस शिपाई चांगला, पण सेनापतीपण त्याला झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांना कांगावने उत्तर दिले.

पण पुढारपण म्हणजे खांद्यावरचे तारेच, असे मात्र समजू नका. त्याच वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीत सेनियो नदीवर काय घडले ते ऐका. नामदेव जाधव हा नगर जिल्ह्यातील निमज गावचा शिपाई, मराठा लाइट इन्फंट्रीत निरोप्याचे काम करणारा. नदी ओलांडताना शत्रूच्या गोळीबारात त्याच्या तुकडीची वाताहत झाली. कंपनीचा मुख्य जखमी होऊन पडला. नामदेवने एका जखमी सोबत्याला उचलले, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणले. पुन्हा गेला, दुसऱ्या जखमी सोबत्यालाही आणले. मग तिसऱ्यांदा एकटाच उलटून गेला. हाताला जखम झाली, बंदूक धरवेना, तेव्हा हातगोळे फेकून मशीनगनची ठाणी बंद पाडली. तीन ठाणी त्याने एकट्याने मोडली. शेवटी काठावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या सैन्याला हात करून पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता यात शरीर किती आणि मन किती, हे वेगळे काढून दाखवा! माणूस पाठीवर घेऊन खोल पाण्यातून जायला दंडात आणि मांड्यांत बळ लागते, ते तालमीचे. पण आधी सोबत्याला आणायचे, मग शत्रूकडे वळायचे, हा क्रम तालमीत कोणी मोजीत नाही. तो जवळ असल्याशिवाय ते बळ फुकट. त्या घटकेला निरोप्या हाच सेनापती झाला होता.

आणि याउलट एक उदाहरण. कुमाऊं रेजिमेंटची चौथी पलटण, म्हणजे हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणीची वारस. १९४७च्या ऑक्टोबरअखेर ती काश्मीरला निघाली, तेव्हा मेजर सोमनाथ शर्मा यांचा डावा हात मोडून प्लॅस्टरमध्ये होता. हॉकी खेळताना झालेली ती इजा. वैद्यकीय तपासणीच्या तक्त्यात ते त्या दिवशी नापासच झाले असते. पण माझी तुकडी जाणार असेल तर मी मागे राहणार नाही, हा त्यांचा हट्ट. ३ नोव्हेंबरला बडगामला कितीतरी पटींनी मोठ्या हल्लेखोर टोळीने त्यांना घेरले. मेजर शर्मा उघड्यावरून एका ठाण्याकडून दुसऱ्या ठाण्याकडे जात राहिले. माणसे कमी पडू लागली, तेव्हा एका हाताने ते काडतुसे भरून मशीनगन चालवणाऱ्यांना देऊ लागले. तिथेच तोफगोळा फुटून त्यांना वीरमरण आले. श्रीनगरचा विमानतळ वाचला. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र त्यांचे.

मोडक्या हाताचा माणूस सर्वांत मोठा ठरला, म्हणून व्यायाम सोडा, असा अर्थ कोणी काढू नये बरे! तो हात मोडला तोही खेळताना. ज्याने वर्षानुवर्षे अंग झिजवले आहे, त्यालाच एका हाताने दोन हातांचे काम जमते. सांगायचे ते इतकेच, की सैन्यातले शरीर दाखवण्यासाठी नसते. ते दुसऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून कमावलेले असते.

म्हणूनच माझे गावोगावच्या शिक्षकांना आणि तालमीच्या वस्तादांना काही सांगणे आहे. भरतीची तयारी करून घ्या, जरूर घ्या. पण मुलांना धावायला नेताना एखाद्या दिवशी असा नेम करा, की सर्वांत मागे राहणारा मुलगा जेव्हा पोचेल, तेव्हाच तुकडी पोचली असे मोजायचे. मग पहा, पुढे पळणारे पोर आपोआप मागे वळून पाहू लागते. कवायतीला रोज तोच धिप्पाड मुलगा पुढे उभा करू नका. आज एक, उद्या दुसरा. किडकिडीत, लाजाळू मुलालाही दहा जणांना हुकूम देण्याची वेळ येऊ द्या. हुतूतू, खो-खो, लेझीम यांना साहित्य फार लागत नाही, पण त्यांत एकट्याने जिंकता येत नाही. श्रमदानाला गेलात तर पहिली पाटी मॉनिटरने उचलावी आणि पाणी त्याने शेवटी प्यावे. आणि मुलींना बाजूला बसवू नका. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२पासून मुली दाखल होऊ लागल्या, आणि मे २०२५मध्ये त्यांची पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली. त्या दारापर्यंत पोचायची वाट आपल्या शाळेच्या अंगणातूनच जाते.

पालकांनाही एक विनंती. भरतीला जागा थोड्या आणि धावणारे पुष्कळ. तुमचा मुलगा निवडला गेला नाही, म्हणजे त्याची पहाट वाया गेली, असे त्याला बोलू नका. गावाला पूर येतो, आग लागते, विहिरीत कोणी पडते, वाटेत गाडी उलटते. तेव्हा बिनगणवेशाचा, पण दमदार छातीचा आणि शांत डोक्याचा एक तरुण पुढे होतो, आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. त्या तरुणाच्या गळ्यात कोणी पदक घालीत नाही, पण गावाची पलटण अशाच माणसांवर उभी असते.

असईच्या रानात झुंजलेल्या गोलंदाजांची नावे इतिहासाने टिपून ठेवली नाहीत. त्यांच्या अंगात बळ होते, काळजात हिंमत होती. त्यांना फक्त आपला, आपल्यातला, आपल्याबरोबर उभा राहणारा पुढारी मिळाला नाही. उद्या पहाटे जी मुले रस्त्यावर धावतील, त्यांना तो मिळावा, आणि त्यांच्यातूनच तो घडावा, एवढे इच्छून मी आपला निरोप घेतो.